हवालदाराचे कल्ले

मासा सांभाळायला आवडाबाईकडे दिलाय, ही बातमी टिटवाळ्याच्या त्या सातमजली बिल्डिंगमध्ये अर्ध्या तासात वॉचमनपासून गच्चीपर्यंत पोचली आणि लोक पोट धरून हसले. हसणारच ना. ज्या बाईने अठ्ठेचाळीस वर्षं ठाण्याला कोपरीच्या बाजारात पापलेट, घोळ, रावस कापून विकले, तिच्या हातात घराची किल्ली देऊन शेजारी सांगतात, आमच्या माशाकडे दहा दिवस लक्ष ठेवा. लिफ्टमध्ये एकीने तर विचारलंच, मावशी, आलं-लसूण वाटून ठेवलंत की नाही. आवडाबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि सांगितलं, परवा तुझ्याकडे शिजली ती सुरमई दोन दिवसांची होती, वास पाचव्या मजल्यापर्यंत आला, आधी ते बघ. त्यानंतर तिच्यासमोर कोणी हसलं नाही. पाठीमागे मात्र चालूच राहिलं.

आवडाबाई मूळची ठाण्याच्या कोळीवाड्यातली. गुडघे गेले आणि धंदा सुटला. मुलगा दिपेश टिटवाळ्याला फ्लॅट घेऊन राहिलेला, त्याने आईला उचलून इथे आणलं त्याला दोन वर्षं झाली. घर चांगलं, सून चांगली, नात मेघाली तर आजीची लाडकी. पण या सगळ्यांनी मिळून तिला एकच काम दिलं होतं, ते म्हणजे बसून राहायचं. गॅसला हात लावला की सून धावत यायची, बादली उचलली की दिपेश ओरडायचा, बाजारात जाते म्हटलं की मेघाली म्हणायची, बय, मी ऑनलाइन मागवते ना. प्रेमच ते, नाही कोण म्हणतं. पण पहाटे तीनला उठून भाऊच्या धक्क्यावर माल उचलणाऱ्या बाईला दिवसभर प्रेमाने खुर्चीत बसवलं की तिचं काय होतं, हे त्या शहाण्यांच्या लक्षात यायला नको?

लक्षात आलं ते समोरच्या दारातल्या मायाच्या. माया आणि तिचा नवरा राजरत्न, पोरं झाली नव्हती, दोघांचाच संसार. माया शाळेत शिकवायची. मासे कसे निवडायचे हे ती आवडाबाईकडून शिकली होती, आणि तेव्हापासून रविवारी दोघी मिळून बाजारात जात. दसऱ्याला नवरा-बायको नागपूरला दीक्षाभूमीवर निघाले, तिथून पुढे कामठीला मायाच्या माहेरी, सगळे मिळून दहा दिवस. किल्ली कोणाकडे ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा राजरत्नाने बिल्डिंगमधली चार नावं काढली. माया म्हणाली, मासा जिला कळतो तिच्याकडेच ठेवणार.

आवडाबाईने किल्ली कनवटीला लावली आणि म्हणाली, "जसा देतंस तसाच परत घे."

आता हा शब्द तिने नुसता तोंडदेखला दिला नव्हता. बाजारात तिच्या शब्दावर माणसं डोळे मिटून मासा घ्यायची. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्यावर काहीतरी सोपवलं होतं, आणि तेही मासा. तो मासा जिवंत परत द्यायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मासा म्हणजे कोण, तेही सांगायला हवं. राजरत्नाच्या हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी होती आणि त्यात एकच जण राहायचा. ऑस्कर जातीचा, काळा अंगरखा आणि त्यावर नारिंगी चट्टे, चांगला हातभर नाही तरी वीतभराहून मोठा. दिवसभर या काचेपासून त्या काचेपर्यंत गस्त घालायचा आणि कोणी जवळ आलं की डोळे वटारून बघायचा, म्हणून मायाने नाव ठेवलं हवालदार. आवडाबाईने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नजरेनेच आठ तुकड्या केल्या, डोकं वेगळं धरलं, आणि मग स्वतःचीच जीभ चावली. सवय ती, एका दिवसात थोडीच जाते.

राजरत्न वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात केमिस्ट होता. कारखान्याचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी तपासायचं, हे त्याचं काम. घरी येऊनही तो तेच करायचा. दर शनिवारी काचेच्या नळ्यांमध्ये टाकीतलं पाणी घ्यायचा, बाटल्यांमधून थेंब टाकायचा, रंग बघायचा आणि वहीत लिहायचा. जाताना त्याने आवडाबाईसाठी एक कागद टाकीला चिकटवला होता. दिवसातून दोनदा दहा-दहा दाणे घालायचे. बाकी कशालाही हात लावायचा नाही. दुसऱ्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

आवडाबाई चौथी शिकलेली, कागद तिने नीट वाचला. वाचून तिला भरूनच आलं. म्हातारीला त्रास नको म्हणून किती काळजीने लिहिलंय पोराने, असं ती मेघालीला दोनदा म्हणाली. ज्या घरात आपल्याला सगळेच हात लावू नको म्हणतात, त्या घरातल्या माणसाला हे असंच वाटणार. आणि आवडाबाई काय असल्या काळजीला बधणारी होती? माणसाने नको नको म्हणावं, आपण करावं, यालाच तर शेजार म्हणतात.

पहिले दोन दिवस बरे गेले. दाणे टाकले की हवालदार उसळी मारून वर यायचा, गट्टम करायचा आणि अजून आहे का म्हणून बघत राहायचा. ते सुके दाणे बघून आवडाबाईला वाईट वाटलं. बाजारातून ती करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, घेऊन आली, सोलली, स्वच्छ केली आणि एकेक त्याला भरवली. हवालदार खूश. दुपारी परत भरवली, संध्याकाळी परत. पाहुण्याला कोणी मोजून वाढतं का?

तिसऱ्या दिवशी तिने झाकण उचललं. टाकीच्या वर एक लांबट ट्रे होता, तो फिल्टर. मोटर खालचं पाणी उचलून त्या ट्रेमध्ये सोडायची, ते काळ्या स्पंजातून आणि चिनी मातीच्या पोकळ कड्यांच्या थरातून झिरपत परत खाली पडायचं. आवडाबाईने स्पंज उचलून बघितला आणि तिच्या अंगावर काटा आला. तपकिरी, बुळबुळीत घाण. कड्यांवरही तीच. एवढी टापटिपीची माणसं, फरशीवर आपलं तोंड दिसावं असं घर, आणि बिचारा मासा या चिखलातून आलेलं पाणी पितोय. तिला राजरत्नाचीच लाज वाटली. एवढा शिकलेला माणूस, दर शनिवारी थेंब टाकतो, पण हात ओले करून धुवायचं काही त्याला सुचलं नाही.

आवडाबाईच्या धंद्यात एक नियम होता, आणि तो तिने तापात, पावसात, घरात लग्न असतानाही मोडला नव्हता. बाजार उठला की पाटी, फळी, सुरी घासून घासून धुवायची. आज पाटीला चिकट राहिली तर उद्याचा माल नासला. तिच्या सासूने हे तिला पहिल्याच दिवशी पाठीत रट्टा घालून शिकवलं होतं. मग काय, आवडाबाईने पदर खोचला. स्पंज आणि कड्या घरी नेल्या, सून बाहेर गेल्याचं बघून मोठ्या पातेल्यात उकळवल्या, काथ्याने घासल्या, नळाखाली पाणी नितळ येईपर्यंत धुतल्या. आणि एवढ्यावर थांबली असती तर ती कोळीण कसली? बाल्कनीत दोन खुर्च्यांना दोरी बांधून तिने स्पंज टांगला, खाली जुनं लुगडं अंथरून कड्या पसरल्या, आणि ऑक्टोबरच्या त्या रणरणत्या उन्हात दोन दिवस बोंबील वाळवतात तशा उलट्यापालट्या करत कडकडीत वाळवल्या. कावळ्यांना हाकलायला ती काठी घेऊन बसली होती. कड्यांना कावळे कशाला येतील, पण सवय.

पाचव्या दिवशी सगळं परत बसवलं. कड्या पांढऱ्याशुभ्र, स्पंज नवा दिसत होता, पाणी तर असं नितळ की टाकीत पाणी आहे की नाही कळू नये. आवडाबाई टाकीसमोर उभी राहून स्वतःवरच खूश झाली. मेघालीला बोलावून दाखवलं. मायाला हे बघून काय वाटेल याची तिने दोन-तीन वेळा कल्पना केली.

सातव्या दिवशी हवालदाराने करंदी तोंडात घेतली आणि थुंकली.

आधी तिला वाटलं, रुसला असेल. घरची माणसं नाहीत, आठवण येत असेल. तिने त्याच्याशी थोडं बोलून पाहिलं, दिपेश लहानपणी कसा रुसायचा ते सांगितलं. हवालदार ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. गस्त बंद. एका कोपऱ्यात, मोटरचं पाणी पडतं तिथे तोंड वर करून लटकला होता आणि भराभर तोंड उघडमीट करत होता. पाणी तसंच नितळ. आवडाबाईने पुन्हा पुन्हा पाणी बघितलं. त्यात तिला काहीच वावगं दिसेना आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटायला लागली.

आठव्या दिवशी सकाळी ती सात वाजताच समोरच्या घरात गेली. हवालदार तिथेच, पण आता एका बाजूला कलंडलेला. आवडाबाईने बाही मागे सारली, हात टाकीत बुडवून ओला केला आणि त्याच्या पोटाखाली धरला. एरवी हा पठ्ठ्या हाताला धडक मारायचा, आज निमूट पडून राहिला. तिने त्याला जरासं वर घेतलं आणि तिच्या अंगठ्याने आपणहून ते केलं जे त्याने लाखो वेळा केलं होतं. कल्ल्याचं झाकण उचललं.

कल्ले तपकिरी होते.

माशाचं डोकं धरून कल्ला उचलायचा आणि लाल रंग गिऱ्हाइकाला दाखवायचा, यावरच तर तिने घर चालवलं होतं. लाल म्हणजे आजचा, फिकट म्हणजे कालचा, तपकिरी म्हणजे बर्फात तीन दिवस पडलेला. पण हा हातात श्वास घेत होता, आणि कल्ले मेलेल्या माशाचे. असं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला पाण्यात सोडून ती सोफ्यावर बसली.

मेघाली ऑफिसला निघाली होती, तिने आजीला शोधत येऊन हे पाहिलं. पोरगी हुशार, तिने लगेच तोड काढली. कल्याणला माशांचं दुकान आहे, सेम टू सेम ऑस्कर मिळेल, दोन दिवसांत हा गेला तर तो आणून सोडू. कोणाला कळतंय. आजीला रडवेलं बघून ती हे बोलली होती, मनात पाप नव्हतं.

आवडाबाईने तिच्याकडे नुसतं बघितलं. शिळा मासा ताजा म्हणून खपवणाऱ्या बायका तिच्याच रांगेत बसायच्या, आणि तिने आयुष्यभर त्यांच्याशी भांडणं केली होती. तिने मेघालीला फोन लावायला सांगितला. कोणाला, ते सांगायची गरज नव्हती. रिंग वाजत होती तेवढा वेळ मात्र तिला वाटत होतं, उचलू नये, देवा, उचलू नये. लिफ्टमधली ती बाई हसणार होती, दिपेश म्हणणार होता तरी सांगत होतो बसून राहा, आणि माया आता तिला कशालाही हात लावू देणार नव्हती. राजरत्नाने फोन उचलला.

"राजरतन," ती म्हणाली, "तुझ्या हवालदाराचे कल्ले तपकिरी झालेत."

तो हळूच म्हणाला, "गेला का, आजी?"

"नाय. जिता हाय. पण फार येल नाय राहणार."

"आजी, तुम्ही फिल्टर धुतलात का?"

इथे ती काहीही सांगू शकली असती. मेघालीला माहीत होतं, पण ती काही बोलली नसती. "धुतला," आवडाबाई म्हणाली. "उकळवला, घासला, दोन दिस उन्हात वालवला. आन् तुझे दाणे सोडून करंदी खायला घातली, पोटभर. चूक झाली माझी. आता काय करू ते सांग."

राजरत्न चिडला नाही. कदाचित चिडला असेल, पण त्याच्या आवाजात ते आलं नाही. तो भराभर पण स्पष्ट बोलायला लागला, कारखान्यात कुठली टाकी बिघडली की बोलत असेल तसा. ती घाण म्हणजे घाण नव्हती, त्याने सांगितलं. त्या बुळबुळीत थरात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. मासा खातो, हगतो, मुततो, त्याचं पाण्यात विष होतं. ते जीव ते विष खातात म्हणून मासा जगतो. आपण त्यांना उकळून वाळवून मारलं, वर करंदी घालून विष वाढवलं. काही थोडे जीव खालच्या वाळूत उरले असतील, त्यांनी अर्धं काम केलं आणि अर्धवट झालेलं विष पाण्यात साठलं. ते कल्ल्यातून रक्तात शिरतं आणि रक्त तपकिरी होतं. मग कितीही श्वास घेतला तरी हवा अंगाला लागत नाही.

आवडाबाईला रक्ताचं पटकन कळलं. जीवांचं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा बाल्कनीत काठी घेऊन दोन दिवस आपण काय राखत बसलो होतो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारला.

पुढची कामं त्याने एकेक करून सांगितली आणि मेघालीने मोबाइलवर लिहून घेतली. खाणं पूर्ण बंद. तिसरा हिस्सा पाणी काढून नवीन भरायचं, पण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून टाकीखालच्या कपाटातल्या निळ्या बाटलीतलं औषध आधी त्यात टाकायचं. आणि मीठ. घरात साधं मीठ आहे का, त्याने विचारलं. आवडाबाई म्हणाली, आमच्या घरात खड्याच्या मिठाची बरणी रिकामी झालेली तू कधी बघितलीस? तेव्हा तो पहिल्यांदा हसल्यासारखा झाला. अडीचशे ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून, हळूहळू सोडायचं. मीठ कल्ल्याच्या दारात आडवं येतं, विषाला आत शिरू देत नाही. एवढ्याने तो तग धरेल. पण विष खाणारे जीव परत आणल्याशिवाय सुटका नाही, आणि ते बाटलीत मिळणाऱ्यांचा भरवसा नाही. ते दुसऱ्या एखाद्या जुन्या चालत्या टाकीतून आणायला हवेत. कल्याणला कमलेशचं दुकान आहे, त्याच्याकडून वापरातला स्पंज घ्यायचा, ओलाच आणायचा, वाटेत वाळू द्यायचा नाही.

मेघालीने ऑफिसात फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. दोघींनी मिळून बादल्या उपसल्या, भरल्या, मिठाचं पाणी सोडलं. दिपेश मध्येच डोकावला, आई बादली उचलतेय हे बघून तोंड उघडलं, आईचा चेहरा बघून मिटलं आणि दुसरी बादली त्याने उचलली. दहा वाजता आवडाबाईने जुना पितळी डबा काढला, त्यात टाकीतलं थोडं पाणी घेतलं आणि कल्याणला निघाली. मेघाली म्हणत होती मी ऑफिसवरून येताना आणते. आवडाबाई म्हणाली, संध्याकाळपर्यंत तो तुझी वाट बघत नाही बसणार.

कमलेशचं दुकान गल्लीत होतं, भिंतभर टाक्या आणि सगळीकडे गुरगुरणाऱ्या मोटरी. कमलेश तिशीतला, तोंडात बडीशेप. त्याने आजींना बसायला स्टूल दिलं, नातवंडासाठी काय दाखवू विचारलं. आवडाबाईने स्पंज मागितला. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतला कोरा करकरीत स्पंज समोर ठेवला. तिने तो परत सरकवला.

"नवा नको. घाण झालेला दे. जितका घाण असेल तितका."

कमलेशला वाटलं ऐकण्यात काहीतरी गडबड झाली. त्याने जरा कमी नवा काढला. तोही नको म्हटल्यावर त्याने आपल्याकडच्या पोत्यातून टाकायला काढलेला एक काळा गोळा आणला आणि हा चालेल का म्हणून वैतागून पुढे धरला. आवडाबाईने तो नाकाशी नेला. त्याला कुजल्याचा वास येत होता, आणि कुजल्याचा वास तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. हा मेलेला आहे, तिने सांगितलं, मला जिवंत घाण पाहिजे. एव्हाना दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपली खरेदी विसरून हे बघत उभी होती.

ती उठली आणि टाक्यांपाशी गेली. एकेक झाकण उचलायची, स्पंजावर बोट फिरवायची, वास घ्यायची, पुढे जायची. कमलेश मागोमाग अहो आजी, अहो आजी करत होता. शेवटच्या रांगेत एका मोठ्या टाकीत जाडजूड गोल्डफिश होते. तिथला स्पंज तपकिरी, चिकट, आणि त्याला वास येत होता नुसता ओल्या मातीचा. खाली मासे चकाकत होते, कल्ले लालभडक उघडमीट करत होते. आवडाबाई तिथेच थांबली. हाच, ती म्हणाली. कमलेश म्हणाला, हा कसा देऊ, यावर माझी टाकी चालते. तेव्हा तिने त्याला हवालदाराचं सगळं सांगितलं, आपण काय केलं तेही न लपवता. बडीशेप चघळायची थांबवून त्याने ते ऐकलं. मग कात्री आणली, अर्धा स्पंज कापला, डब्यात घातला, वर मूठभर जुन्या कड्याही टाकल्या. घाणीचे तो पैसे घेईना. वर म्हणाला, आजी, सात वर्षं दुकान चालवतोय, वास घेऊन स्पंज निवडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसून आवडाबाईने डबा मांडीवर धरला होता. झाकण थोडं उघडं ठेवलेलं, आतल्यांना हवा लागावी म्हणून. शेजारच्या बाईने विचारलं, काय नेताय. आवडाबाई म्हणाली, शेजाऱ्याची घाण. बाई सरकून बसली. आवडाबाईला पाय पसरायला जागा मिळाली.

तो स्पंज फिल्टरमध्ये बसला आणि मग सुरू झालं वाट बघणं, जे तिला कधीच जमलं नव्हतं. मासा विकला जातो किंवा राहतो, संध्याकाळपर्यंत कळतंच. इथे कळेना. त्या दिवशी संध्याकाळी हवालदार सरळ झाला, पण वरच लटकलेला. नवव्या दिवशी परत पाणी बदललं, औषध टाकून, आणि काढलेल्या पाण्याबरोबर गेलं तेवढंच मीठ परत टाकून. तिने हात ओला करून कल्ला बघितला. चहाच्या रंगावरून विटेच्या रंगावर आला होता. दहाव्या दिवशी तो टाकीच्या मध्यावर उतरला आणि एक फेरी मारून परत कोपऱ्यात गेला. एकच फेरी. आवडाबाईने ती दिपेशला सांगितली, सुनेला सांगितली, आणि वॉचमनला खाली जाऊन सांगून आली. रोज सकाळी ती राजरत्नाला फोन करून फक्त रंग सांगायची आणि ठेवून द्यायची. तो काही विचारायचा नाही. मायाशी बोलायचा तिला धीर झाला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली. आवडाबाई दार उघडून टाकीपाशी उभीच होती. बॅगा दारात टाकून माया आधी आत आली. आवडाबाईने कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिने मनाशी पुष्कळ काही ठरवलं होतं बोलायचं, पण बोलली एवढंच, जसा दिलास तसा नाही, थोडा कमी आहे, आणि किल्ली पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाकडे दे. 

राजरत्न बूट न काढताच टाकीकडे गेला. नळी काढली, पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग फिकट गुलाबी आला. हा गडद जांभळा असता तर संपलं होतं, त्याने सांगितलं. नळी बाजूला ठेवून त्याने सवयीने फिल्टरचं झाकण उचललं, स्पंज बघायला हात पुढे केला, आणि आवडाबाईने त्या हातावर चापट मारली.

"हात नको लावू. जिता हाय तो."

मारली आणि तिच्याच लक्षात आलं, घर याचं, टाकी याची. ती मागे सरली. पण राजरत्न हसत सुटला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, "आजी, तुम्ही फोन केलात तेव्हा माझ्या तपासणीच्या बाटल्या इथे कपाटात होत्या आणि मी कामठीला. तुम्ही कल्ल्यांचा रंग सांगितलात म्हणून विष कोणतं ते कळलं. दुसऱ्या कोणाकडे किल्ली असती तर आजारी आहे एवढंच कळवलं असतं. मी दिवसभर विचार करत बसलो असतो आणि तेवढ्यात हा गेला असता. सात वर्षं याला सांभाळतोय, पण याचे कल्ले मी कधी बघितले नाहीत. मला दाखवाल?"

आवडाबाईने त्याच्याकडे बघितलं, हा आपली चेष्टा तर करत नाही ना म्हणून. तो बाह्या सारत होता. तिने त्याला आधी हात ओला करायला सांगितलं, कोरड्या हाताने माशाच्या अंगाचं बुळबुळीत पांघरूण निघतं. पोटाखाली धर, दाबू नको, डोळ्यावर सावली येऊ देऊ नको. माया त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. आवडाबाईने तिचा जाडजूड, सुरीच्या जुन्या खुणा असलेला अंगठा त्याच्या अंगठ्याशेजारी टेकवला आणि कल्ल्याचं झाकण अलगद उचललं.

आत लाल होतं. गुलबट नाही, विटकरी नाही, लाल.

"अठ्ठेचाळीस वरसं कल्ला उचलून लोकांना 'ताजा हाय' सांगितलं," आवडाबाई म्हणाली. "'जिता हाय' म्हणून आज पयल्यांदा दाखवतंय."

हवालदाराने मात्र एवढी लगट खपवून घेतली नाही. शेपटीचा एक असा फटका मारला की तिघंही गळ्यापर्यंत भिजली, आणि तो निघून गेला या काचेपासून त्या काचेपर्यंत गस्त घालायला. माया हसत हसत टॉवेल आणायला गेली. जाताना टेबलावरची किल्ली तिने उचलली आणि आवडाबाईच्या ओल्या हातात परत ठेवली.